ग्राहकांचे प्रश्न : ‘आमच्याकडे आल्यावर गाडी बंद पडत नाही’

या महिन्याच्या टपालात दुचाकीच्या दुरुस्तीविषयीची पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागले. पत्रांतील शोरूमची, कंपन्यांची आणि कर्मचाऱ्यांची नावे आम्ही वगळली आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकलेले नसताना ती छापणे योग्य नाही. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहतो आणि सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. गेल्या वर्षी १६० सीसीची नवी मोटारसायकल घेतली. पावसाळ्यापासून तिला एक खोड लागली आहे. सकाळी जाताना काहीही त्रास होत नाही, पण संध्याकाळी परतताना द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो की इंजिन गचके खाऊन बंद पडते. मागून बस आणि ट्रक येत असतात, त्यामुळे जीव मुठीत धरावा लागतो. थोडा वेळ थांबल्यावर गाडी पुन्हा सुरू होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी वारंवार दाखवली. कधी थ्रॉटल बॉडी (इंजिनाला हवा सोडणारा भाग) साफ केली, कधी प्लग बदलला, कधी स्कॅनरवर सगळे ओके आहे असे सांगून गाडी परत दिली जाते, आणि ‘आमच्याकडे आल्यावर बंद पडत नाही’ हे वाक्य तर ठरलेलेच आहे. मागच्या वेळी पार्ट मागवला आहे असे सांगून गाडी बरेच दिवस ठेवून घेतली. परत मिळाली तेव्हा टाकीवर ओरखडा होता, पेट्रोलचा काटा तळाला गेला होता आणि मीटरवर बरेच किलोमीटर वाढले होते. जॉब कार्डाची, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रकाची, प्रत मागितली तर ‘सिस्टिममध्ये आहे’ असे उत्तर मिळाले. गाडी अजून वॉरंटीत आहे. कंपनीकडून ती बदलून मिळेल का? ग्राहक आयोगात जावे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो. गाडी बदलून मिळेल अशी आशा सध्या धरू नका. आयोगात जाण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे, परंतु आज गेलात तर आपल्या हाती सांगण्यासारखे पुष्कळ आणि दाखवण्यासारखे फार थोडे असेल. आधी ती उणीव भरून काढली पाहिजे, आणि ती भरून काढताना गाडी दुरुस्त होण्याची शक्यताही बरीच वाढते.

सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार ऐकणारा माणूस आणि गाडीला हात लावणारा माणूस हे दोघे वेगळे असतात. काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला आपण द्वारकेचा सिग्नल, मागून येणारी बस, संध्याकाळची गर्दी असे सगळे तळमळीने सांगतो. तो मान डोलावतो आणि संगणकात ‘जनरल चेकअप’ किंवा ‘मिसिंग प्रॉब्लेम’ असे दोन शब्द टाकतो. आतल्या मिस्त्रीपर्यंत पोहोचतात ते तेवढेच दोन शब्द. तो थंड झालेली गाडी सुरू करतो, आवारात एक फेरी मारतो, गाडी बंद पडत नाही, म्हणून थ्रॉटल बॉडी पुसून वॉशिंगला पाठवून देतो. त्याने खोटेपणा केलेला नसतो. त्याला जे काम सांगितले ते त्याने केलेले असते. त्यातच वॉरंटीच्या कामासाठी कंपनी डीलरला सहसा ठरावीक दराने पैसे देते आणि दोष शोधण्यात गेलेल्या वेळेचे त्याला फारसे काही मिळत नाही. जितका वेळ आपली गाडी तपासण्यात जाईल तितक्या वेळात पैसे देणाऱ्या इतर गाड्यांचे सर्व्हिसिंग उरकते. हे समर्थन म्हणून सांगत नाही, पण कारण ठाऊक असले म्हणजे काउंटरवर आवाज चढवून काही साधत नाही हे लक्षात येते.

म्हणून जॉब कार्डावर काय लिहिले जाते ते आपल्या हातात घ्या. त्यावर लक्षण लिहावे, उपाय लिहू नये. ‘थ्रॉटल बॉडी साफ करणे’ असे लिहिले की ती साफ केल्यावर काम पूर्ण झाले आणि दोष राहिला तरी सेंटर मोकळे. त्याऐवजी असे लिहून घ्या : ‘साधारण तीस किलोमीटर सलग चालवून इंजिन तापल्यावर, सिग्नलला न्यूट्रलमध्ये थांबले असता आरपीएम खाली जाऊन इंजिन बंद पडते. थंड इंजिनाला त्रास नाही. ही तक्रार पूर्वीही नोंदवली आहे. दोष कायम आहे.’ शेवटची दोन वाक्ये ॲडव्हायझर गाळू पाहील, आणि नेमकी तीच सर्वांत मोलाची आहेत, कारण एकच दोष वारंवार येतो आहे हे पुढे सिद्ध करायचे ते त्यांच्याच बळावर. त्याने लिहायचे नाकारले तर तोच मजकूर त्याच दिवशी सेंटरच्या आणि कंपनीच्या ई-मेल पत्त्यावर पाठवावा. प्रत ‘सिस्टिममध्ये आहे’ असे सांगितले तर ती तिथेच छापून किंवा मोबाइलवर पाठवून घ्यावी आणि मगच किल्ली द्यावी. आधीच्या सर्व जॉब कार्डांच्या प्रतीही आता लेखी मागा.

आता दोषाविषयी. ‘स्कॅनरवर ओके आहे’ हे वाक्य जितके निर्णायक वाटते तितके ते नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाली आणि त्याबरोबर आपल्याकडच्या जवळजवळ सर्व मोटारसायकलींमधला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. थ्रॉटल किती उघडा आहे, इंजिन किती तापले आहे, धुरात ऑक्सिजन किती आहे, हे सेन्सरकडून घेऊन ईसीयू नावाचा छोटा संगणक पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. एखाद्या सेन्सरचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच तो दोषाचा कोड नोंदवतो. मात्र यांत्रिक कारणाने इंजिन बंद पडत असेल आणि सर्व सेन्सर मर्यादेत असतील, तर स्कॅनर खुशाल ‘ओके’ म्हणतो आणि गाडी सिग्नलला खुशाल बंद पडते.

गरम झाल्यावर आणि तेही आयडलिंगलाच, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद फिरत असतानाच, बंद पडणाऱ्या गाडीत पाहण्यासारख्या जागा मोजक्या असतात. थ्रॉटल बॉडीतील आयडलची हवावाट काजळीने बुजणे ही पहिली. ती आपल्याकडे पाहून झाली आहे. दुसरी जागा म्हणजे टॅपेट, अर्थात व्हॉल्व्हसाठी ठेवलेली बारीक फट. ही फट कमी झालेली असेल तर इंजिन तापल्यावर ती आणखी घटते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कमी आरपीएमला इंजिन तग धरत नाही. ही तपासणी थंड इंजिनावर करायची असते. आपण मुसळगावहून थेट सेंटरला जाऊन ‘तासाभरात बघून द्या’ म्हणालात तर ती नीट होऊच शकत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी ठेवा आणि सकाळी थंड इंजिनावर टॅपेट तपासून मापे जॉब कार्डावर लिहावीत असे सांगा. तिसरी जागा इग्निशन कॉइल, जी थंड असताना ठणठणीत असते आणि तापल्यावर ठिणगी सोडणे चुकवते. चौथी फ्युएल पंप. साइड स्टँडच्या स्विचचा सैल जोडही अशी खोडी करतो, मात्र तो बहुधा खड्ड्यांत त्रास देतो, सिग्नलला उभे असताना नव्हे.

आपला त्रास पावसाळ्यात सुरू झाला, म्हणून आणखी एक शक्यता. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. उघड्यावर भिजणाऱ्या गाडीच्या झाकणाचे रबर किंवा पाण्याच्या निचऱ्याची नळी खराब असेल तर टाकीत पाणी उतरते. ते प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसते, आणि पंप पेट्रोल उचलतो ते तळाकडूनच. टाकीतील थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवल्यास खाली वेगळा थर दिसतो. सेंटरवर ही तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. मात्र पाणी निघाले तर सेंटर ते वॉरंटीबाहेरचे कारण म्हणेल, आणि झाकणाचा किंवा नळीचा दोष आढळला नाही तर त्यांचे म्हणणे बहुधा बरोबरही असेल.

‘आमच्याकडे बंद पडत नाही’ या वाक्याला एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे एकत्र ट्रायल. मिस्त्रीला किंवा वर्क्स मॅनेजरला बरोबर घेऊन नाशिक रोडमार्गे शिंदे टोलनाक्यापर्यंत, शक्य असेल तर पुढे मोहदरी घाट चढून सिन्नरपर्यंत जावे आणि परतताना द्वारका, मुंबई नाका असे सिग्नल घेत यावे. सेंटरच्या आवारातल्या फेरीने इंजिन तापतच नाही, मग दोष दिसणार कोठून? ट्रायल किती किलोमीटरची झाली आणि काय आढळले ते जॉब कार्डावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. तोपर्यंत गाडी बंद पडते तेव्हा मीटर दिसेल असे चित्रीकरण मागे बसलेल्या सोबत्याकडून करून घ्या. चालवताना स्वतः करू नका.

ओरखडा आणि गेलेले पेट्रोल यांकडे ग्राहक क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष करतात. तसे करू नये. दुरुस्तीसाठी सोपवलेली वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितक्या काळजीने सांभाळण्याचे बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ ने सेंटरवर आहे. जॉब कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते आणि ते वाचून पुष्कळ जण गप्प बसतात. दिल्लीतील एका हॉटेलच्या पार्किंगमधून मोटार चोरीस गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे सांगितले आहे की, अशा छापील अटीच्या आडून स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. येथून पुढे गाडी देताना चारही बाजूंची, मीटरची आणि पेट्रोलच्या काट्याची छायाचित्रे तिथेच उभे राहून काढा. ती काढताना ॲडव्हायझर पाहत असेल तर उत्तमच.

एवढे करूनही दोष राहिला तर डीलरशी बोलणे थांबवून कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही. वॉरंटी संपण्याची तारीख आजच पाहून ठेवा आणि तिच्या आत ही लेखी तक्रार पोहोचलीच पाहिजे. मुदतीत नोंदवलेला दोष मुदतीनंतरही दुरुस्त करून मागता येतो, तर मुदतीत केवळ तोंडी सांगितलेला दोष सिद्ध करता करता दमछाक होते. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. हेल्पलाइन निकाल देत नाही, परंतु तिच्याकडून गेलेली तक्रार डीलरच्या काउंटरवर न थांबता कंपनीच्या मुख्यालयात पोहोचते, आणि बरीच प्रकरणे तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. चालत्या रहदारीत इंजिन बंद पडणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. आपल्याच मॉडेलच्या इतर गाड्यांना हाच त्रास असल्याचे आढळले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली, १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या रिकॉलच्या (सदोष गाड्या परत मागवण्याच्या) तरतुदीनुसार, शासनाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवावी.

त्यानंतर आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहकाला दिलेली एक मोठी सोय म्हणजे तो जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, आपली तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात चालेल. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. डीलर आणि कंपनी अशा दोघांनाही प्रतिवादी करावे. केवळ डीलरला केले तर तो दोष उत्पादनाचा आहे म्हणतो, आणि केवळ कंपनीला केले तर ती दुरुस्ती नीट झाली नाही म्हणते. उत्पादनातील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात अशा प्रकरणांसाठी ५ महिन्यांचे आणि एरवी ३ महिन्यांचे उद्दिष्ट आहे, पण त्या वेळापत्रकावर विसंबून पुढचे बेत आखू नयेत.

गाडी बदलून मिळण्याविषयी सुरुवातीला नकार दिला त्याचे कारण असे की, मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीच्या अटींनुसार कंपनीवर सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे बंधन आहे, संपूर्ण वाहन बदलण्याचे नाही, अशी भूमिका घेतली. दुरुस्त होऊच शकत नाही असा मूळचा उत्पादनदोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. आपल्या प्रकरणात टॅपेटचे मापसुद्धा अद्याप कोणी घेतलेले दिसत नाही. दोष विनामूल्य दूर करून मिळावा, वॉरंटीत असताना घेतलेले पैसे परत मिळावेत, टाकीच्या रंगाचा खर्च आणि त्रासाची भरपाई मिळावी, एवढ्या मागण्या ठेवल्यास त्या टिकण्यासारख्या आहेत.

प्रश्न : मी सिडकोत राहतो आणि स्वतःच्या मोटारसायकलवर घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम करतो. क्लच घसरत होता म्हणून गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला दिली. क्लच प्लेटचे एस्टिमेट तोंडी सांगितले होते. घ्यायला गेलो तर चेन-स्प्रॉकेट आणि मागचे ब्रेक शूही न विचारता बदललेले, शिवाय ‘इंजिन फ्लश’ नावाची काहीतरी रक्कम लावलेली, आणि बिल दुपटीच्या घरात. मी नकार दिला तर पूर्ण पैसे भरल्याशिवाय गेट पास मिळणार नाही आणि रोजचे पार्किंगचे पैसेही लागतील असे सांगितले. गाडीवरच पोट आहे. काय करू?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी गाडी सोडवा, भांडण नंतर करता येईल. दुरुस्ती करणाऱ्याला आपल्या मेहनतान्यासाठी वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार करार कायद्याच्या कलम १७० ने दिला आहे, हे आपल्याला आवडले नाही तरी खरे आहे. मात्र तो अधिकार ज्या कामासाठी गाडी सोपवली त्या कामाच्या पैशांपुरताच आहे. क्लचचे पैसे ते मागू शकतात. आपण न सांगितलेल्या चेनसाठी गाडी अडवणे त्यात बसत नाही. ही बाजू आपली आहे, पण ती मान्य करून घेण्यात काही महिने जातील आणि तोवर गाडी त्यांच्या शेडमध्ये राहील.

म्हणून क्लचची रक्कम भरून गाडी देण्याची मागणी लेखी करा. ते ऐकत नसतील तर पूर्ण रक्कम यूपीआयने किंवा कार्डाने भरा, रोख देऊ नका, आणि बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू आणि इंजिन फ्लश ही कामे माझ्या संमतीशिवाय केली आहेत, हरकत नोंदवून व हक्क राखून रक्कम देत आहे’ असे लिहून सही करा. त्यांनी त्यांच्या प्रतीवर लिहू दिले नाही तर तोच मजकूर लगेच ई-मेलने पाठवा. काढलेली जुनी चेन, स्प्रॉकेट आणि ब्रेक शू तिथल्या तिथे परत मागा. पैसे देऊन बदललेला जुना भाग आपला असतो. वॉरंटीत फुकट बदललेला भाग मात्र कंपनीकडे जातो. जुने स्प्रॉकेट पाहिले की निम्मा वाद मिटतो, कारण दाते झिजून एका बाजूला वळले असतील तर बदल आवश्यक होता हे आपल्यालाही दिसेल, आणि दाते शाबूत असतील तर त्यांना उत्तर देता येणार नाही. पार्किंगचे पैसे आधी सही केलेल्या जॉब कार्डावर तसे लिहिलेले असेल तरच देणे लागते.

बिल हातात आले की करही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे आणि मजुरीवर तो आधीपासून १८ टक्केच आहे. त्यामुळे आता बिलात कोठेही २८ हा आकडा दिसता कामा नये. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ असे कोणी सुचवले तर नकार द्यावा. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिलाशिवाय पुढची कोणतीही तक्रार लंगडी पडते.

आपण धंद्यासाठी गाडी वापरता म्हणून ग्राहक नाही, असा युक्तिवाद डीलरचा वकील करील. त्याला घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. बुडालेल्या रोजगाराची भरपाई मागायची तर ॲपवरील साप्ताहिक कमाईचे विवरण, गाडी अडकण्यापूर्वीचे आणि अडकल्यानंतरचे, काढून ठेवावे. अंदाजाने सांगितलेला आकडा आयोग सहसा स्वीकारत नाही. क्लच प्लेट, ब्रेक शू आणि चेन ही झिजणारी अंगे असल्यामुळे ती वॉरंटीत मागू नका. गर्दीत अर्धा क्लच दाबून चालवण्याची सवय असेल तर नवी प्लेटही लवकर जाईल, आणि त्याचा दोष सेंटरला देता येणार नाही.

प्रश्न : माझी मोटारसायकल दीड वर्षाची आहे. फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर एकदा पंचवटीतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन ऑइल बदलून घेतले. आता बॅटरी चार्ज होत नाही. आरआर युनिट गेले असे शोरूम सांगते, पण बाहेर ऑइल बदलले म्हणून वॉरंटी रद्द झाली असेही सांगते. हे कायदेशीर आहे का? गाडीला मी बाहेरून दोन फॉग लाइट बसवले आहेत, बाकी काही केलेले नाही.
— एक वाचिका, म्हसरूळ

उत्तर : ऑइलचे कारण टिकणारे नाही. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, हा बॅटरीला जाणारी वीज नियंत्रित करणारा विजेचा भाग आहे आणि इंजिन ऑइल कोणी बदलले याच्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा बाहेर दुरुस्ती केली की सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही सांगितले होते. तो आदेश मोटारींच्या कंपन्यांपुरता होता आणि त्यावर अपिलेही झाली, म्हणून तो आपल्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू होतो असे म्हणता येणार नाही. पण त्यामागचा विचार पत्रात मांडण्यासारखा आहे. वॉरंटी कोणत्या कलमाने आणि कोणत्या कारणाने नाकारली ते लेखी मागा. लेखी मागितले की ऑइलचे कारण बहुधा मागे पडेल.

अडचण आहे ती शेवटच्या वाक्यातल्या फॉग लाइटची, जी शोरूमने अजून काढलेली नाही एवढेच. मोटारसायकलचा अल्टरनेटर ठरावीक वीजच तयार करतो आणि जादा दिव्यांचा भार त्याच्यावर आणि आरआर युनिटवर पडतो. त्यातही मूळ वायरिंग कापून जोड दिला असेल तर कंपनीला नकाराचे खरे कारण मिळते. दिवे वेगळी रिले आणि फ्यूज लावून, मूळ वायरला धक्का न लावता बसवले आहेत का, ते आधी पाहून घ्या. तसे असेल तर आपली बाजू बरी आहे. वायर कापलेली असेल तर मी आपल्याला वॉरंटीसाठी भांडण्याचा सल्ला देणार नाही; पैसे भरून युनिट बदलावे आणि दिव्यांचे काम नीट करून घ्यावे.

शोरूमचे निदान मात्र तपासून घ्या. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि गाडी सुरू करून रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवेत. आकडा वाढतच नसेल तर चार्जिंग होत नाही, पण त्याचे कारण युनिटच असेल असे नाही. अल्टरनेटरची कॉइल किंवा जळालेला जोडही असू शकतो, आणि जोड कित्येकदा फुकटात नीट होतो. आकडा १५ च्या वर जात असेल तर युनिट गेले यात शंका नाही, आणि बॅटरी फुगण्याआधी गाडी चालवणे थांबवावे.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे. गाडी नाशिकला घेतली. दुसऱ्या फ्री सर्व्हिसिंगच्या वेळी किलोमीटर कमीच झाले होते म्हणून गेलो नाही. आता दिवस उलटले म्हणून कूपन चालणार नाही असे सांगतात. दाद मागता येईल का?
— एक वाचक, पेठ

उत्तर : नाही. पुस्तिकेत दिवस आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, असे लिहिलेले असते आणि आपले दिवस आधी पूर्ण झाले. तेच सर्व्हिसिंग आता पैसे देऊन करून घ्या आणि पुस्तिकेवर तारीख, किलोमीटर व शिक्का घ्या, नाहीतर मधली नोंद कोरी राहिल्याचे निमित्त पुढे वॉरंटीच्या वेळी काढले जाईल. गाडी जिथून घेतली तिथेच फ्री सर्व्हिसिंग करावे लागते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. त्याच कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सेंटरवर कूपन चालते, तेव्हा पुढच्या वेळी दिंडोरी किंवा जवळपास कंपनीचे सेंटर आहे का ते पाहावे. कूपनात मजुरी तेवढी माफ असते. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावे लागतात, आणि ते मागितले म्हणून फसवणूक झाली असे समजू नये.